हळू उडणारा फ्यूज

अप्पा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, पण माझा राग अजून गेलेला नाही. आज लातूरच्या क्लासमध्ये फ्यूज शिकवत होते. एका मुलानं विचारलं, "मॅडम, फ्यूज सारखा उडत असला आन् जाड तार घातली तर काय होतंय?" मी त्याच्यावर केवढ्यानं तरी ओरडले. त्या पोराची काय चूक? ओरडायचं होतं तुमच्यावर.

निलंग्याच्या आपल्या लाउडस्पीकरच्या दुकानात मी एकदा अॅम्प्लिफायरला दोनच्या जागी पाच अँपिअरचा फ्यूज बसवला, तर तुम्ही गिऱ्हाइकासमोर माझ्या थोबाडीत दिलीत. "फ्यूज मरायसाठीच असतोय. त्यो न्हाई मेला तर मशीन मरतंय." बोललात ते खरंच होतं. फ्यूज निवडायला तुम्हीच शिकवलंत मला. अँपिअरचा आकडा मशीनला ठरलेला तोच हवा. आणि मोठा ट्रान्सफॉर्मर चालू होताना क्षणभर जास्त करंट ओढतो, तेवढा झटका सोसणारा, हळू उडणारा फ्यूज हवा. मग भूकंपानंतर भूकंपग्रस्तांच्या छावणीत तुमची अक्कल कुठं गेली होती?

छावणीत आपलाच अॅम्प्लिफायर लावलेला. दवाखान्यांत सापडलेल्या जखमींची नावं तुम्ही माइकवर वाचताय, समोर माणसं उन्हात उभी. जनरेटर बंद पडतोय, चालू होतोय, आणि दर वेळी फ्यूज उडतोय, कारण घाईत तुम्ही झटकन उडणारे उचलून आणलेत. मी म्हणते, "अप्पा, हळू उडणारा लागतोय." तुम्ही सगळ्यांदेखत खेकसता, "गप बस! मला शिकवतीस व्हय?" आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार गुंडाळता. थोड्या वेळानं जनरेटरच्या विजेचा दाब चढतो, ट्रान्सफॉर्मरमधून धूर निघतो, भोंगे बंद. उरलेली यादी तुम्ही ओरडून वाचलीत, पण त्या रडारडीत पुढच्या रांगेपलीकडं काही पोचलं नाही. एक म्हातारी माझा हात धरून विचारत राहिली, "बाई, माझ्या नातवाचं नाव आलं का गं?" उरलेल्या यादीत ते होतं. तिला ते दुसऱ्या दिवशी कळलं.

आणि तुम्ही लोकांना काय सांगितलंत? "पोरीनं तार घातली." वर दिवाळीनंतर मला लातूरला क्लासमध्ये शिकवायला धाडलंत, "हिच्या हातात दुकान द्यायसारखं न्हाई," म्हणून. मला दुकानच हवं होतं, अप्पा! आता हजारो पोरं माझ्याकडून शिकून डॉक्टर-इंजिनिअर झाली, याचं लोक कौतुक करतात. मला अजून सोल्डरचा वास आला की रडू येतं. तुम्ही शेवटपर्यंत कुणाला खरं सांगितलं नाहीत, आणि मीही तुम्हाला माफ केलं नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठं? या वहीतच राहील. म्हणून सांगते. त्या दिवशी छावणीकडं निघताना दुकानातून मी एक फ्यूज घेतला होता, दोन अँपिअरचा, हळू उडणारा. तुम्ही खेकसलात तेव्हा तो माझ्या मुठीत होता. आता मागितल्याशिवाय द्यायचा नाही, असं मी ठरवलं. तुम्ही तार गुंडाळत होतात, ती म्हातारी समोरच उभी होती, आणि मी मूठ उघडली नाही.