एका रोलवर दोघी

३ तारीख, सोमवार
आलो एकदाच्या! पुढे फोटो स्टुडिओ, मागे दोन खोल्या, आणि त्यात आम्ही दोघी, मी आणि माझी सात वर्षांची ठकी. फोनमध्ये तिचे चार हजार फोटो आहेत आणि कागदावर एकही नाही, याची मला मनापासून लाज वाटते. इथे अजून रोल धुतात, हे कळल्यावर मी नोकरीला हो म्हणायला मिनिटही लावलं नाही. मालक ऐंशीचे. सगळे त्यांना मास्तर म्हणतात, ठकीने मात्र पहिल्याच दिवशी आजोबा करून टाकलं.

६ तारीख, गुरुवार
कपाटात जुना कॅमेरा सापडला, सोबत एक रोल. रोलची जीभ, म्हणजे फिल्मचं सुरुवातीचं टोक, बाहेर होती; वापरलेल्या रोलची आत गुंडाळली जाते, म्हणून हा कोरा, असं धरून चालले. मास्तरांना विचारायचं सुचलंच नाही. ठकीला स्टुलावर बसवून छत्तीस फोटो काढले. एरवी ही पोर एका जागी बसेल तर शपथ, पण आज शहाण्यासारखी बसली.

८ तारीख, शनिवार
फजिती! रोल धुतल्यावर कळलं, तो आधीच वापरलेला होता, गुंडाळताना जीभ बाहेर राहिलेली. प्रत्येक फोटोत ठकीच्या मागे एक बाई. पहिल्यात दाराशी, शेवटच्यात स्टुलामागे. एकावर एक दोन फोटो पडले, दुसरं काय! मी हसले. मास्तर हसले नाहीत. ती त्यांची बायको. ती गेली त्याच आठवड्यातला रोल, त्यांना धुवायचा धीर झाला नव्हता. मूल नव्हतं, म्हणाले, तिला फार हवं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

१० तारीख, सोमवार
शेवटचा फोटो पुन्हा छापला. बाईचा हात ठकीच्या खांद्यावर आहे. शनिवारच्या प्रतीत नाही. निगेटिव्ह तीच.
ठकी शाळेतून आली ती थेट स्टुलावर जाऊन बसली. खेळायला जा म्हटलं, तर म्हणाली, मागच्या बाई सांगतात हलायचं नाही.

११ तारीख, मंगळवार
उठत नाही. खात नाही. उचललं तर पाय बसल्यासारखेच दुमडलेले. डॉक्टर येऊन गेले, म्हणाले सगळं ठीक आहे. काय ठीक आहे?
निगेटिव्ह जाळते म्हटलं. मास्तरांनी माझा हात धरला. रोल एकच आहे, म्हणाले, जाळलास तर दोघी जातील.

१२ तारीख, बुधवार, सकाळ
नवी प्रत काढली. चेहरे एकावर एक आलेत. ठकीचा श्वास फार हळू —
डाग काढायचं पातं घेतलंय. निगेटिव्हवरचा त्या बाईचा चेहरा तेवढा खरवडायचा. ठकीला धक्का न लावता. देवा, एवढं एक नीट होऊ दे —

दुपार
झालं. एकच चेहरा उरलाय. निगेटिव्हमध्ये काळ्याचं पांढरं, नीट कळत नाही, पण एकच —
स्टूल सरकलं. उठली! माझी पोर उठली!
पावलं येताहेत. ठकी कधी चालत नाही, धावते. ही सावकाश. जड.
मास्तर दारात आहेत. रडताहेत, हसताहेत, दोन्ही हात पुढे केलेत, आणि हाक मारताहेत ती ठकीला नाही, ती —