कबऱ्या पानांची जासवंद

५ नोव्हेंबर

वहीबाई, तू भलतीच विसराळू. दिवाळीआधी सांगितलेलं तुझ्या कुठल्या पानावर आहे, ते तुला सांगता यायचं नाही. मला एक अक्षर येत नाही, पण दारच्या कुठल्या माडाने कुठल्या साली फळ धरलं ते पाठ आहे. म्हणून पहिल्यापासून सांगते. सून राजश्री लिहून घेतेय. गाळू नकोस गो काही.

परवा नात आली, ईशा. गुहागरचं स्थळ साखरपुड्याच्या आठ दिवस आधी मोडून पुण्याला नोकरीला गेली, त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून तिचा बाप – माझा मुलगा संदेश – तिच्याशी बोलत नाही. परवाही पेपरातून मान वर काढली नाही. दुपारच्या गाडीने पोरगी परत गेली. मला एक कुंडी ठेवून गेली. हातभर उंचीची जासवंद. पानं हिरवी, पांढरी, गुलाबी – रंगपंचमीत सापडल्यासारखी.

"बाबांनी बोलावल्याशिवाय मी राहायला यायची नाही," म्हणाली. "पण आजी, हिला पहिलं फूल आलं की फोटो पाठव. फूल बघायला येईन."

बरं झालं. फूल बघायला बापाचं आमंत्रण लागत नाही.

११ नोव्हेंबर

शेजारची यमुनाबाई कुंडी बघून म्हणते, "पानांना कसला रोग झालाय गो?" म्हटलं, पुण्याची आहे. तिकडे अशाच नटतात.

२० नोव्हेंबर

मासळी धुतल्याचं पाणी घातलं. माडाला, मिरचीला, सगळ्यांना मी तेच घालते, कोणी तक्रार केली नाही. हिला घातलं तर मांजराने कुंडी उकरून मुळं वर काढली. परत लावली. राजश्री हसत होती. तेही लिही.

८ डिसेंबर

लोकरीसारखी पांढरी कीड. राख फुंकली, तंबाखूचं पाणी मारलं. कीड गेली, सात पानंही गेली.

१६ डिसेंबर

बुंध्याजवळून एक फांदी आली, चांगली हिरवीगार, वीतभर. मी खूश. राजश्रीने पालीच्या रोपवाल्याला मोबाईलवर फोटो दाखवला. तो म्हणाला, "ती काढा. ठेवलीत तर सगळा जोर तीच खाईल, रंगीत पान मागे पडेल."

एवढी एकच धडधाकट फांदी, आणि तीच काढायची. कोयतीने काढली. दिवसभर कोणाशी बोलले नाही. घरात शांतता होती म्हणे.

३१ डिसेंबर

कळी!

२ जानेवारी

गळली.

७ जानेवारी

दुसरी आली, तीही गळली. यमुनाबाई म्हणते, टाकून दे. मी गणपतीला म्हटलं, तुला वर्षाला हजार जासवंदी मिळतात. एक मला सोड.

१४ जानेवारी

तिसरी टिकली. करंगळीएवढी झालीय, टोकाला लाल दिसतंय. उद्या उमलेल. राजश्रीला सांगितलंय, फोन चार्ज करून ठेव.

१५ जानेवारी

गेलं.

संदेशची मिरजोळ्याच्या कारखान्यात पहिली पाळी. तांबडं फुटायच्या आत दारापुढच्या खळ्यातली फुलं काढतो, पूजा करतो, निघतो. दारची जासवंद गणपतीची, यात विचारायचं काय? मी गेले तर नुसता देठ. फूल देवाच्या डोक्यावर, अर्धं उमललेलं. देवाला म्हटलं, तू तरी हात धरायचास त्याचा.

राजश्री म्हणाली, "देवावरच्या फुलाचा फोटो पाठवू?" नको म्हटलं. फोटो बघून ती हात जोडेल. झाडावर फूल असेल तरच बघायला यायचं.

संध्याकाळी संदेश जेवायला बसला तेव्हा राजश्रीने सगळं सांगून टाकलं – फूल कशासाठी होतं, कोणासाठी होतं. लग्न झाल्यापासून ती त्याच्याशी एवढं सलग बोललेली मी ऐकली नव्हती.

"मला कोणी सांगितलं होतं?" म्हणाला.

"तुम्ही तिचं नाव काढू देता?"

त्याने ताटात पाणी ओतलं. भात तसाच होता.

१६ जानेवारी

कुंडीला पाणी मी घालायला गेले, तर माती आधीच ओली.

१७ जानेवारी

आज अक्षर वेगळं आहे. राजश्रीने वही संदेशच्या मांडीवर ठेवली आणि चुलीकडे गेली. तो उद्या रजा घेऊन, कुंडी मांडीवर घेऊन पुण्याला जातोय. झाडावर दोन बारीक कळ्या आहेत. म्हटलं, गाडीच्या हिसक्याने गळतील. म्हणाला, "गळू देत, आई. मी जातोय ना."

लिही मेल्या. आधी तिचं नाव लिही. लिहिलंस? आता त्याखाली – दोन नारळ, आमसुलं, कुळथाचं पीठ, तळलेले गरे. सुका जवळा वेगळ्या पिशवीत बांध, आणि कुंडीपासून लांब ठेव. पुण्यातही मांजरं असतात.