आठ जण आणि पुढारी मी

३ एप्रिल, गुरुवार
सुट्टी. दुपारी टीव्हीवर एक पिक्चर पाहिला. बर्फातला तुरुंग. सात कैदी वादळात तारा कापून पळतात आणि जंगल, गोठलेली नदी, वाळवंट तुडवत हजारो किलोमीटर पायी जातात. भुकेने बुटाचं कातडं उकळून खातात. त्यांचा पुढारी एकदाही मागे वळून बघत नाही. हुबेहूब मी. वर्षालीला तसं सांगितलं. ती भेंडी चिरत होती. म्हणाली, तुम्ही कोपऱ्यावरून दूध आणायलासुद्धा गाडी काढता. बायकोला मोठं काही दाखवूच नये.

पण पिक्चर वेळेवर दिसला. परवाच प्लांट हेडने केबिनमध्ये उभं ठेवून ऐकवलं. फेब्रुवारीपासून माझ्या बी-लाइनची पाच पोरं काम सोडून गेली. उरली आठ. एप्रिलमध्ये एकही गेला नाही तर मी शिफ्ट इन्चार्ज. एक जरी गेला तर स्टोअरला बसायचं, नटबोल्ट मोजत. पोरं जातात यात माझा काय दोष? कॉन्ट्रॅक्टची माणसं, पाय एका जागी ठरत नाही. मी पाच वर्षं ऊर फोडून ओरडतोय म्हणून ती लाइन चालते.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ६.१०, कंपनी बस
संकल्प: आजपासून लाइनवर ओरडायचं नाही. पुढारी नजरेने काम करून घेतो.

९.४०
ओरडलो. शहेबाज चहाहून दोन मिनिटं उशिरा आला. चहा गरम होता म्हणे. मग मी काय फुंकर घालायला येऊ? वेल्डिंगला हात सोन्याचा, पण शिस्त शून्य. संकल्प सोमवारपासून.

८ एप्रिल, मंगळवार
आयडिया माझी, क्रेडिट कुणाला देणार नाही. पहिली शिफ्ट सुटल्यावर कॅन्टीनमध्ये आठही जणांना तोच पिक्चर दाखवला. टीम स्पिरिटसाठी. बसवाल्याला थांबवून ठेवलं. दोघं उठून जायला लागले तेव्हा दाराला आतून कडी घातली आणि खुर्ची टाकून दारातच बसलो.

मग मात्र चमत्कार. इतकी शांत पोरं पाच वर्षांत पाहिली नाहीत. कैद्यांनी तारा कापल्या तेव्हा शिट्ट्या, टाळ्या. बबनराव, आमच्यातले सगळ्यात वडीलधारे, परभणीचे, चक्क डोळे पुसत होते. पिक्चरमधला बंदूकवाला पहारेकरी दिसला की सगळे वळून माझ्याकडे बघत आणि हसत. मीही हसलो. असं नातं जुळायला वेळ लागतो.

१० एप्रिल, गुरुवार
सुट्टीतही कंपनीचंच डोक्यात. ठरलं. पुढच्या गुरुवारी 'सर्व्हायव्हल वॉक'. आंबेठाण चौक ते भामचंद्र डोंगर, पायी. माणशी एक बाटली पाणी, एक बिस्किटपुडा. ग्रुपवर टाकलं: हजेरी सक्तीची.

११ एप्रिल, शुक्रवार
बबनराव टोपी काढून समोर आले. आठवड्यात तेवढाच एक गुरुवार असतो, कपडे धुवायचे, बाजार करायचा, गावाकडं फोन करायचा. मी शांतपणे (थोडा आवाज चढवून) समजावलं की त्या कैद्यांना एकही गुरुवार नव्हता. तर म्हणतात, "तेच्यामुळंच तर पळाले की ते, साहेब." मुद्दा भलतीकडेच नेतात. वयाचा परिणाम.

१४ एप्रिल, सोमवार
आश्चर्य! सगळे तयार. शहेबाज स्वतः येऊन विचारतो, सर, रस्ता वासुलीवरूनच जातो ना, साधारण किती वाजता तिथं पोचू? मी म्हणालो दहा. त्याने मोबाईलवर लिहून घेतलं. याला म्हणतात नियोजन. प्लांट हेडला ईमेल केला, 'बी-लाइन: नवे पर्व'. उत्तर नाही. जळतात.

१७ एप्रिल, गुरुवार. सकाळी ६.००, आंबेठाण चौक
आठही हजर, इस्त्रीचे शर्ट घालून. ट्रेकला इस्त्री! चिडलो, पण सॅका बघून बरं वाटलं. प्रत्येकाच्या पाठीवर भरलेली सॅक.

८.५०
मी पुढे. मागे बघत नाही. ऊन आत्ताच मी म्हणतंय. कंटेनरवाले अंगावर धूळ उडवतात. दोघांना शिव्या घातल्या.

९.५५
वासुली. बघितलं मागे. पाचच. एकाच्या बुटाचा तळ निघाला, दोघांच्या पोटात कळ आली. कमकुवत पिढी.

११.०५
बबनरावांचा गुडघा गेला. त्यांनी दोघांना आधाराला ठेवून घेतलं. उरले शहेबाज आणि एक. सर, पाणी घेऊन आलोच, म्हणून तेही गेले. पंचेचाळीस मिनिटं बाभळीखाली थांबलो. बाभळीला सावली नसते. रागाने बिस्किटपुडा पूर्ण खाल्ला.

दुपारी १.२०, डोंगर
एकटा पोचलो. पिक्चरमध्येही शेवटी थोडेच उरतात. वाटेत गळालेल्या आठ साथीदारांसाठी एक मिनिट उभा राहिलो. डोळे भरून आले, खरंच आले. पोरं वाईट नाहीत, त्यांना फक्त माझ्यासारखे पाय नाहीत. उतरताना एका टेम्पोत बसलो, कांद्याच्या गोण्यांवर. परिस्थितीशी जुळवून घेणं हेच सर्व्हायव्हल.

१८ एप्रिल, शुक्रवार. ७.३०
लाइनवर एकही माणूस नाही. फोन लागत नाहीत. प्लांट हेडला सांगितलं, उष्माघात. माझ्याही तळपायाला फोड आहेत, मी आलोच ना?

११.००
एचआरच्या विजयश्री मॅडमनी बोलावलं. काल साडेदहाला वासुलीतल्या एका कंपनीच्या गेटवर वेल्डरच्या मुलाखती होत्या. आमचे आठही गेले, आठही लागले. सोमवारपासून तिकडे. सॅकमध्ये पाणी नव्हतं, आधारकार्डाच्या झेरॉक्स होत्या. मॅडम मान खाली घालून हसत होत्या. मी म्हणालो, हसायला काय झालं? केबिनबाहेरचेही हसले. एकेकाला बघून घेतो. माझ्या मागे मागे चालत, माझ्याच वॉकमध्ये! नमकहराम!

२१ एप्रिल, सोमवार
त्यांच्या कंपनीच्या गेटवर गेलो. परत आणायचेच, कॉलर धरून. वॉचमनने आत सोडलं नाही. जेवणाच्या सुट्टीत बबनराव बाहेर आले. गुडघा उत्तम. आधी चहा पाजला, नको म्हणत असताना. मी विचारलं, एवढा पिक्चर दाखवला, त्यातून हेच शिकलात? पुढाऱ्याला असं वाटेत सोडतात?

त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "साहेब, खोटं कामून बोलू. तुमी पुढारी नव्हते. तुमी तो बंदूकवाला."

मी म्हणालो, त्याला तर पूर्ण पिक्चरमध्ये एक डायलॉग नाही. ते म्हणाले, व्हय, तेवढाच फरक हाय.

चहा कडू होता.

२४ एप्रिल, गुरुवार
सुट्टी. वर्षालीला सगळं सांगितलं, तिने काही टोमणा मारला नाही. त्याचाच जास्त राग आला.

२५ एप्रिल, शुक्रवार
स्टोअर. वर पत्रा, खाली मी. शिफ्ट इन्चार्ज दिग्विजयला केलं, त्या ए-लाइनच्या गोडबोल्याला. माणसांना 'भावा, भावा' म्हणत फिरतो. अशाने प्रॉडक्शन होतं? इथे ओरडायला समोर कुणी नाही. दुपारी बोल्टच्या खोक्यावर ओरडून पाहिलं. मजा नाही.

२८ एप्रिल, सोमवार
निर्णय झाला. आता मीच पळणार. कळलं की वासुलीच्या त्या कंपनीत पोरांच्या लाइनला सुपरवायझर हवाय. नवीन जागा, पोरं बावरलेली असणार. ओळखीचा माणूस लागतो. शहेबाजला व्हॉट्सअॅपवर बायोडेटा पाठवला, खाली लिहिलं, 'झालं गेलं माफ केलं.'

२९ एप्रिल, मंगळवार
दोन निळ्या टिक, म्हणजे वाचलं. उत्तर नाही. माणसाने किती वाट बघायची? चार वेळा फोन उलटा करून ठेवला, पाच वेळा सरळ केला.

३० एप्रिल, बुधवार. संध्याकाळी ५.४५, बस
शहेबाजचा मेसेज. सर, मोठ्या साहेबांनी आम्हालाच विचारलं, हा माणूस कसा आहे. पोरं नको म्हणाली. राग मानू नका.

६.०५
लिहिलं, की मी राग मानत नाही, मुळात माझा स्वभावच तो नाही. आठांतला एकही हो म्हणाला नाही का, तेवढं विचारलं.

६.२०
उत्तर आलं. बबनकाका म्हणत होते, सरांना स्टोअरला घ्या. इथल्या स्टोअरला जागा आहे, हाताखाली माणसं नसतात. विचारू का?

बस मोशीच्या सिग्नलला होती. ड्रायव्हर सिग्नल सुटूनही हलेना, पण त्याला काही बोललो नाही. दिघी आल्यावर उतरलो, थोडं चाललो आणि 'विचार' असं लिहून पाठवलं.