तक्त्यातली एक

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, अविवाहित, महाविद्यालयातून निवृत्त झालेली प्राध्यापिका, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, तर स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. गुडघे गेले आहेत, डोके शाबूत आहे. शेजारच्या डॉक्टरीणबाईंनी तसा दाखला दिला आहे. गुडघ्यांविषयी त्यांनी सभ्यपणे मौन पाळले आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. राहती दोन खोल्यांची जागा, भांडीकुंडी आणि बँकेतली शिल्लक माझ्या धाकट्या बहिणीला. माझ्या दोन्ही आजारपणांत तिने उशाशी बसून रात्री काढल्या आणि टोमणे मारले तेही तोंडावर. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे कामही तिचेच.

२. टेपरेकॉर्डर बहिणीच्या मुलाला. "मावशी, आयुष्यभर पगार घेऊन पोरांना 'कसं वाटतंय' एवढंच विचारलंस ना?" असे तो चारचौघांत म्हणाला होता. त्याने एकदा तरी कोणाला तसे विचारून उत्तर संपेपर्यंत गप्प बसून दाखवावे.

३. माझी पुस्तके महाविद्यालयाला देऊ नयेत. विद्यार्थ्यांवरचा माझा अहवाल त्यांनी मोडक्या बाकांच्या खोलीत टाकला आहे. सहा वर्षे मी दोनशे बारा विद्यार्थ्यांना भेटले, वसतिगृहाच्या जिन्यावर, उपाहारगृहात, प्रयोगशाळेबाहेर. शेवटच्या बाकावर का बसता, कोणाशी बोलता, घरी काय लपवता, हे विचारले. मुखपृष्ठावर पहिले नाव मात्र तेव्हाच्या विभागप्रमुखांचे. त्यांनी एकही मुलाखत घेतली नाही. अहवालाचा पुरस्कार घेताना ते "माझी मुलं" म्हणाले.

४. माझी शोकसभा घेऊ नये. विभागप्रमुख तरीही घेतील, त्यांना माईक दिसला की राहवत नाही. बहिणीने जाऊ नये.

५. कपाटात दोनशे बारा कॅसेटी आणि एक निळी वही आहे. मुलाखतीत प्रत्येकाला मी क्रमांक दिला होता. कोणता क्रमांक कोणाचा, ते फक्त या वहीत आहे. महाविद्यालयाने विभागप्रमुखांच्या नावाचे संग्रहालय काढले असून हे सारे त्यांना हवे आहे. तीन पत्रे आली. "ताई, देऊन टाक ना, कपाट तरी रिकामं होईल," असे बहीण म्हणते. देऊ नये. आधी वही जाळावी, मग कॅसेटी. कोणीही ऐकू नयेत, तिनेसुद्धा.

कारण लिहिणे भाग आहे. एका मुलीने एका अध्यापकाविषयी जे घरीही सांगितले नव्हते ते मला सांगितले. तुझे नाव कुठेही येणार नाही, असा मी शब्द दिला. नाव आलेही नाही. पण अहवालात तिच्या बोलण्याखाली शाखा आणि वर्ष घातले, आणि शेजारच्या पानावर कोणत्या शाखेत, कोणत्या वर्षाला किती मुली याचा तक्ता होता. तिच्या चौकटीत आकडा होता एक. प्राध्यापकांच्या खोलीत तासाभरात सगळ्यांना कळले, त्या अध्यापकालाही. प्रात्यक्षिकात त्याने तिला दोनदा नापास केले. तिने महाविद्यालय सोडले. ती कोणत्या शाखेची, हे इथे लिहीत नाही. एकदा लिहिले तेवढे पुरे झाले.

६. तक्ता विभागप्रमुखांनी मागितला, असे मी वीस वर्षे सांगत आले. मागितला त्यांनीच. पण तो आकडा मी माझ्या हाताने भरला, दोनदा तपासला आणि बेरीज जुळली म्हणून खूश झाले. हे कोणाच्याही दडपणाशिवाय कबूल करते. मला याची लाज वाटते.

७. पुढे ती मला एका दुकानात गल्ल्यामागे भेटली. राहिलेले शिक्षण पुरे करण्याचा खर्च मी देऊ केला. "मॅडम, तुम्ही शब्द पाळलात. नाव नव्हतं छापलं. आता आणखी काही करू नका," असे म्हणून ती पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. मेल्यावर तरी तिला काही द्यावे म्हणून वकिलांना विचारले. ते म्हणाले, "बाई, नाव, वय, पत्ता, सगळं लिहावं लागेल. उद्या हा कागद कोणीही मागून वाचेल." म्हणून तिला मी काहीही ठेवत नाही.

वरील मजकूर वाचून, समजून सही करत आहे.

ता. क. (माझ्या हाताने) वरची प्रत महाविद्यालयाच्या निवृत्त मुख्य लिपिकांनी टंकून दिली. अहवालही त्यांनीच टंकला होता. सही करायला बसल्यावर ते मायेने म्हणाले, "मॅडम, कागदावर नाव नको असेल तर तुम्ही नुसतं पाकीट द्या, मी पोचवतो. ती कुठं असते ते आमच्या ऑफिसातल्या सगळ्यांना माहीत आहे."

मी त्यांना म्हटले, सही करा.

स्थळ : राहत्या घराची पुढची खोली
दिनांक : १४ जून २०१९, सकाळी अकरा

(सही) मृत्युपत्र करणारी
(सही) साक्षीदार पहिल्या : शेजारच्या डॉक्टरीणबाई
(सही) साक्षीदार दुसरे : निवृत्त मुख्य लिपिक