सुभेदारांचा खड्डा

चि. बंधूस,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. (रीत म्हणून. मनापासूनचे हवे असतील तर पत्र शेवटपर्यंत वाच.) तुझी प्रकृती ठणठणीत असेलच, आपली जबाबदारी दुसऱ्याच्या मोरीत ठेवून जाणाऱ्यांना सहसा काही होत नाही. इकडे तुझ्या भाऊजींचा गुडघा आणि माझा संयम, दोन्ही जेमतेम.

येत्या रविवारी येऊन सुभेदारांना नेणार आणि केबिनमधल्या काचेच्या टाकीत शोभेला ठेवायला तुझ्या साहेबांना देणार, असं लिहितोस. उत्तम. "ताई, पंधराच दिवस ठेव गं," म्हणून बादलीतून आणलेल्या त्या कासवाला आज नऊ महिने झाले. सोबत तुझी चिठ्ठी होती: कासव पाण्यातच राहतं, पालेभाजी घालावी. अर्धा जन्म वाचनालय सांभाळूनही मी तुझ्या चिठ्ठीवर विश्वास ठेवला, ही माझी चूक. तीन दिवस सुभेदार टबाच्या कडेला नखं घासत राहिले, तेव्हा मी पुस्तक उघडलं. गोड्या पाण्यातल्या कासवाला रोज बाहेर येऊन ऊन खावं लागतं. ऊब मिळाल्याशिवाय अन्न पचत नाही आणि कवच वाळलं नाही तर त्याला बुरशी धरते. भाऊजींनी टबात वीट ठेवली. तेव्हापासून सुभेदार तिच्यावर चढून, मागचे पाय ताणून, डोळे मिटून पडतात. (निवृत्त माणसाचं इतकं हुबेहूब चित्र मी एकदाच पाहिलंय, आमच्या आरामखुर्चीत.) आणि पालेभाजीला ते तोंड लावत नाहीत, गांडुळं खातात. ती उकरून कोण आणतं, ते विचारू नकोस.

थंडी पडली आणि सुभेदारांनी आधी अन्न सोडलं, मग हालचाल. (गारठ्यात कासव असं निपचित पडतं, हे पुढच्याच पानावर होतं. पान उलटायचं राहिलं.) समोरच्या डॉक्टरांना बोलावलं. ते दातांचे. कासवाला दात नसतात, त्यामुळे त्यांचं शास्त्र जबड्यापाशीच संपलं. तरी गंभीर चेहऱ्याने त्यांनी आपल्या दवाखान्याच्या, वर दाताचं चित्र छापलेल्या कागदावर 'सुभेदार मृत' असं लिहून सही ठोकली. भाऊजींनी दुखऱ्या गुडघ्याने परसात खड्डा खणला. सुभेदारांना कडेला उन्हात ठेवून मी दोन शब्द बोलत होते (बरे बोलत होते), तेवढ्यात मान बाहेर आली आणि तिने डॉक्टरांचं बोट धरलं. दातांशिवायही कडकडून चावता येतं, हे त्या गृहस्थांना साठाव्या वर्षी कळलं. "अहो, सोडवा!" म्हणून ते ओरडले. भाऊजी शांतपणे म्हणाले, "थांबा डॉक्टर, आधी नक्की मेलाय का ते बघू."

गेल्या आठवड्यात कळस झाला. सुभेदार दिवसभर टब खरवडू लागले, म्हणून त्यांना परसात सोडलं. ते थेट त्याच अर्ध्या बुजवलेल्या खड्ड्यात गेले, मागच्या पायांनी भुसभुशीत माती उकरली आणि सहा अंडी घातली. होय. तुझे सुभेदार बाई आहेत. नर न भेटता ही अंडी कशी, म्हणशील. पुस्तक सांगतं, मादी जुन्या भेटीची पुंजी काही वर्षं आत जपून ठेवू शकते. पिल्लं निघतील की अंडी पोकळ ठरतील, ते मात्र पुस्तकालाही ठाऊक नाही. मग माती सारखी करून, मागे वळूनही न बघता बाई निघून गेल्या. कासविणीची हीच रीत: ठेवायचं आणि चालू लागायचं, पुढचं कोणीतरी बघेल. (मला ती ओळखीची वाटली.)

तेव्हा रविवारी न चुकता ये आणि ही पीडा एकदाची घेऊन जा.

तुझी ताई

ता. क. रविवारी येऊ नकोस. पिल्लं बाहेर यायला अडीच महिने तरी लागतील, आणि अंड्याची वरची बाजू खाली झाली तर आतला जीव दगावतो. तुझ्या हाताला शिस्त नाही. भाऊजी खड्ड्याशेजारी खुर्ची टाकून कावळे हाकलत बसलेत. बऱ्याच जातींत म्हणे माती उबदार असली की माद्या निपजतात, गार असली की नर. (तुला ऊब कमी पडल्याचं मला तरी आठवत नाही.)

ता. क. २ अडीच महिन्यांनीही येऊ नकोस. साहेबांना कळव, सुभेदार थंडीतच वारले. दाखला सोबत जोडला आहे. वर दाताचं चित्र आहे, तेवढं दुमडून दाखव.