वाचलं आणि वाचली

दादा, तुम्ही गेलात त्याला आता पुष्कळ वर्षं झाली, तेव्हा दादा म्हणायला हरकत नाही. तुम्ही जिवंत असताना हा शब्द मी तुमच्या तोंडावर एकदाच काढला होता. रेडिओवर रोज सकाळी तुम्ही समस्त बायांना सांगायचात, मला सर म्हणू नका, साहेब म्हणू नका, मी तुमचा दादा. मी ते खरं धरून बसले. तुमच्या घरी पोळ्या लाटायला लागून चौथा दिवस असेल, मी म्हटलं, "दादा, अजून एक वाढू का?" तुम्ही मान वर केली नाहीत. बाईसाहेबांना म्हणालात, "हिला सांग, साहेब म्हणायचं." मी समोर उभी, हातात उलथनं, आणि मला निरोप बाईसाहेबांकडून! हे पत्र मी सांगते आहे आणि माझी नात लिहिते आहे, कारण मला अजूनही अक्षर येत नाही. ते तुम्हाला चांगलं ठाऊक होतं, तरी तुम्ही अख्ख्या मुलखाला उलटंच सांगितलंत. त्यापायी माझ्या शेजारणीची पोर सासरी आठ दिवस वाट बघत राहिली. त्याचं मला तुमच्याशी बोलायचं आहे. बाकी तुमच्या गळ्याचं कौतुक करायला माणसं कमी पडली नाहीत.

पहिल्या दिवशी तर मी घाबरलेच होते. ओट्यावरच्या रेडिओतून तुमचा आवाज येतो आहे आणि तुम्ही बनियनवर टेबलाशी बसून दात कोरताय. मला वाटलं, ह्या माणसाला तोंडं दोन आहेत. बाईसाहेब हळूच म्हणाल्या, "आधीच भरून ठेवतात ते, मावशी." पुढे तीन वर्षं मी बुवापाड्यातून चालत तुमच्या त्या दुसऱ्या मजल्यावर येत राहिले, आणि पहिल्या दिवशी मला वाटलं तेच बरोबर निघालं. रेडिओतले दादा मधाळ आवाजात सांगतात, घरच्या बाईनं केलेल्या घासाला एकदा छान म्हणून बघा, तिचं तोंड कसं उजळतं ते बघा. आणि टेबलावरचे साहेब ताट ढकलून विचारतात, "मीठ कुणी टाकलं? बैलानं?" कार्यक्रम संपला की बाईसाहेबांनी "छान झाला" म्हणायचं, हा तुमच्या घरातला नेम. एकदा त्यांच्या तोंडात घास होता म्हणून जरा उशीर झाला, तर तुम्ही डोळे बारीक करून विचारलंत, "का? आवडला नाही?" तीन वर्षांत त्या बाईनं रेडिओच्या बटणाला हात लावलेला मी पाहिला नाही. बटण तुमचं, आवाज तुमचा, छान तेवढं तिचं.

आमच्या घरीही रेडिओ होता. मालकांनी उल्हासनगरच्या कॅम्पातून आणला होता. वर परदेशी नाव छापलेलं, आत सगळा तिथल्याच गल्लीत जोडलेला. दुकानातला सिंधी शेट मला हसून म्हणाला होता, "मौसी, नाम मत देखो, आवाज सुनो." नाव बघून मला काय कळणार होतं म्हणा! पण तुमच्या बाबतीत आम्ही सगळ्या बायांनी नेमकं तेच केलं. आत काय जोडलंय ते कोणी उघडून बघितलंच नाही. मी रोज उघडं बघत होते, तरी गल्लीत कोणी विचारलं, "कसे गं आहेत दादा घरात?" तर म्हणायची, "चांगले आहेत." त्यांच्या घरचं काम करते ह्याचा तोरा मलाही होताच की.

मग एका सकाळी तुम्ही रेडिओतून माझ्यावर घसरलात. "आमच्याकडे एक मावशी येतात. चपात्या करतात." घरात मी चपाती म्हटलं की तुमच्या कपाळाला आठ्या, पोळी म्हण, पोळी म्हण, रेडिओवर मात्र चपाती, कारण ऐकणाऱ्या बाया चपातीवाल्या. "मी त्यांना रोज दुपारी पाटी-पेन्सिल घेऊन बसवतो. परवा त्यांनी मला पेपरातली बातमी वाचून दाखवली. खरं सांगतो, माझे डोळे भरून आले." माझे हात कणकेत. मी आधी दाराकडेच बघितलं, ही दुसरी मावशी येते तरी कधी म्हणून. मग विचारलं, "साहेब, ह्या कोण मावशी?" तुम्ही म्हणालात, "कार्यक्रम आहे तो. तुला नाही कळायचं. पोळी जळतेय बघ."

मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती. नळावरच्या बाया हंडे खाली ठेवून अंगावर आल्या. "काय गं ए, पेपर वाचतेस आणि आम्हाला बोलली नाहीस!" रविवारी विहारात म्हाताऱ्या गुरुजींनी मला उभं केलं. म्हणाले, ह्या वयात शिकली, हिच्याकडून तरण्या पोरींनी शिकावं. बायांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या भिंतीवर निळ्या कोटातल्या बाबांचा फोटो आहे, ज्यांनी आम्हाला सगळ्यांत आधी शिकायला सांगितलं. मी जन्मभर त्यांना हार घातला आणि पाटीला काही हात लावला नाही. त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्या फोटोकडे मान वर करून बघितलं. खोट्यानं का होईना. उद्या सांगून टाकू सगळ्यांना, असं म्हणत महिना गेला.

आणि एक दिवस शेजारीण निळं आंतरदेशीय पत्र पदराखाली धरून आली. तिची एकुलती पोर आदल्या साली देशावर दिलेली. चार महिन्यांत काही खबर नव्हती. तिला दिवस गेल्याचं तेवढं कळलं होतं, म्हणून जीव टांगणीला. एरवी ती पत्र किराणावाल्याकडून वाचून घ्यायची. "पण पोरीबाळीचं काही आतलं असलं तर पुरुषाच्या हातात कशाला? वाच गं, तू तर घरचीच." मी काय करणार? अक्षर पुसट होतं. म्हटलं, नीट लागत नाही, पण बरी आहे असं दिसतंय. शेजारीण निवांत झाली. मला आपल्या हातचा चहा पाजून गेली.

आठव्या दिवशी पोर आपली आपण आली. हातात एक पिशवी, मनगटापासून कोपरापर्यंत भाजलेलं, पोट पुढे. शेजारणीनं मला हाक मारली म्हणून मी धावले. पोर दारातच बसली होती. "आई, न्यायला ये म्हणून लिहिलं होतं ना मी. रोज एस.टी.च्या थांब्यापर्यंत येऊन बघत होते." शेजारीण म्हणाली, "अगं, मावशीनं वाचलं ना पत्र! तू बरी आहेस म्हणून होतं त्यात." पोरीनं माझ्याकडे बघितलं. ती माझ्या अंगणात वाढलेली. गाडीवरची पाटी मला तीच वाचून दाखवायची, अंबरनाथ की बदलापूर. मग आईला म्हणाली, "भिजलं असेल गं पत्र. पोस्टवाले तसलेच." आणि पाणी मागितलं.

दुसऱ्या दिवशी मी तुमच्याशी भांडायलाच आले होते, आठवतं? आयुष्यात पहिल्यांदा कोणा साहेबासमोर आवाज चढवला. तुमच्या बोलण्यापायी असं झालं, म्हटलं. तुम्ही चहाचा घोट घेतलात आणि म्हणालात, "मग शिकायचं होतंस ना. मी तर सांगूनसुद्धा टाकलं होतं." वर हसलात. भाजलेल्या हाताचं मात्र नीट विचारून घेतलंत. कुठला हात, कोणी भाजलं, कितवा महिना. मला वाटलं, कुठेतरी लागलं ह्या माणसाला. अहो, माल भरून घेत होतात तुम्ही! पुढच्या आठवड्यात रेडिओवर तेच, पण शिवून, इस्त्री करून. सासरी गांजलेली लेक, तिचं पत्र, आणि पत्र वाचणाऱ्या आमच्या मावशी. आवाज खाली नेऊन तुम्ही म्हणालात, "मावशींनी पत्र वाचलं, आणि पोर वाचली." मग थांबलात. मग बासरी. वाचलं आणि वाचली! काय जुळवलंत हो! तुम्हाला त्या दिवशी जेवण गोड लागलं असेल.

आम्ही तिघी तेव्हा शेजारणीच्या घरात होतो. तिनं रडत माझ्या गालावरून हात फिरवला. मावशी मीच हे तिनं ओळखलं, पण पोर तिचीच हे त्या भोळीला कळलंच नाही; म्हणाली, "बघ, कुठल्या तरी आईचं नशीब चांगलं." पोर एका हातानं तांदूळ निवडत होती. ती उठली, पट्टी बांधलेल्या हातानं बटण फिरवलं आणि परत तांदळाशी बसली. तुमचा आवाज मधेच तुटलेला मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. सोपं होतं किती! त्यानंतर मी तुमच्या पायऱ्या चढले नाही. तुम्हाला दुसरी मिळाली असेल. तिला तर तुम्ही इंग्रजीच शिकवलं असेल.

तुम्ही गेलात तेव्हा रेडिओवर दिवसभर तुमचंच. शेजारीण डोळे पुसत आली आणि म्हणाली, "तुझा गुरू गेला गं." तिला अजून तसंच वाटतं. पोर आता खरवईला राहते, स्वतःचं घर आहे, एमआयडीसीत पॅकिंगच्या बायांवर देखरेख करते, तिचा मुलगा कॉलेजात आहे. दिवाळीला येते, पाया पडते. त्या पत्राचा शब्द तिनं कधी काढला नाही.

आता नातीला म्हटलं, अजून एक लिही. अक्षर पुसट नव्हतं, दादा. ठसठशीत होतं, काळं, एकसारखं. आणि मी नुसतं "बरी आहे" म्हणाले नव्हते. मी ते पत्र वाचलं होतं. कागद डोळ्यांसमोर धरला, बोट फिरवत नेलं, मधे थांबले, पान उलटलं. "आई, माझी काळजी करू नकोस. सासूबाई मला लेकीसारखं बघतात. मला इथे काही कमी नाही." शेवटी आवाज जरा खाली नेला. शेजारणीचे डोळे भरून आले, आणि मला ते आवडलं. मला येत नाही, एवढंच म्हणायचं होतं. तीन शब्द. तुम्ही काही त्या वेळी माझ्या घरात नव्हता.

नात लिहायची थांबली होती. मग म्हणाली, "आजी, हे खरवईच्या मावशीला नेऊन देऊ या का?" मी म्हटलं, नको, डब्यात ठेव. ती वाचत असताना तिच्यासमोर कोण बसणार? पण मी खोटं वाचलं ते नेमकं कुठे लिहिलंय ते मला दाखव, म्हटलं. तिनं माझं बोट धरून त्या ओळीवर ठेवलं. मला वाटलं होतं, पानभर असेल. एवढीशी आहे.