मेईच्या आईचे बूट

मँचेस्टर, सोमवार, नोव्हेंबर १९९४

तो फोटो काही डोळ्यांपुढून हलत नाही. आमच्या लॅबमधल्या मेईने दुपारी दाखवला. तिच्या गावी, शांघायला, नवं मेट्रो स्टेशन झालंय. सुरू होण्याआधी लोकांना आत बघायला सोडलं होतं. लखलखीत फरशीवर तिची आई उभी आहे, पायात नुसते मोजे आणि बूट हातात. "हाऊ स्वीट!" करत सगळे हसले. मेईसुद्धा हसली.

मग घरी येताना ट्राममध्ये ती सहज म्हणाली, "आमचं जुनं घर तिथंच होतं. स्टेशनसाठी पाडलं."

आईला शहराबाहेर नवव्या मजल्यावर फ्लॅट मिळालाय. लिफ्ट आहे, बाथरूम स्वतःचं आहे. तिची काही तक्रार नाही म्हणे. एवढ्या मोठ्या शहराला मेट्रो हवीच, हे उलट तीच शेजाऱ्यांना पटवत असते.

मग बूट का काढले? मी विचारलं नाही. विचारायची गरज होती का?

जेवताना सुधीरला सांगितलं, तर म्हणतो कसा, "अगं, फरशी नुकतीच पुसली असेल." असा राग आला! हा माणूस स्वतः दारातच बूट काढतो. बॉयलर दुरुस्त करायला आलेल्या इंग्रजालाही काढायला लावतो. आणि याला कळू नये?

उद्या मेईला बुटांचं काही विचारणार नाही. घराचं दार कुठल्या बाजूला होतं, एवढंच विचारीन.